दोन इंच पाणी

"ताई, मोटर सुरू आहे, पण नळातून नुसती हवा येऊन राहिली."

२०१९ चा एप्रिल, सकाळचे साडेसहा. फोनवर आमच्या नागपुरातल्या हिंगणा रोडच्या घरातली वरच्या मजल्यावरची किरायेदार होती. ती नर्स. रात्रपाळी करून नुकतीच आली होती आणि अंघोळीला पाणी नव्हतं. मी म्हटलं, पंधरा मिनिटं मोटर बंद ठेव, मग लाव. तिनं तसं केलं. दहा मिनिटं पाणी आलं आणि पुन्हा हवा. संध्याकाळपर्यंत खालच्या मजल्यावरूनही तोच फोन आला.

हे घर आम्ही २०१७ मध्ये घेतलं. बाबांनी वरुडकडची थोडी जमीन विकली त्यातला माझा वाटा, नवऱ्यानं पीएफमधून काढलेली रक्कम आणि वर कर्ज, असं मिळून ४८ लाख. तीस बाय पन्नासचा म्हणजे पंधराशे फुटांचा प्लॉट, खाली दोन खोल्या आणि किचन, वर तेवढंच. आम्ही स्वतः नंदनवनला राहतो. हे घर किरायानं द्यायचं आणि निवृत्तीनंतर त्याचा हातभार लागेल, असा विचार होता. कागदपत्रांत आम्ही कुठे कमी पडलो नाही. सातबारा, एनए म्हणजे बिगरशेतीची परवानगी, टीपी म्हणजे नगररचनेची मंजुरी, आरएल म्हणजे प्लॉटचं रिलीज लेटर, मालकीचा तीस वर्षांचा सर्च, सगळं वकिलाकडून तपासून घेतलं. पाण्याबद्दल मात्र एकच प्रश्न विचारला: बोअरला पाणी किती? मालक म्हणाले, "दोन इंच." दलालानं भर घातली, "इथं आधी संत्र्याचा बगीचा होता जी. पाण्याला काय कमी!" डिसेंबर महिना होता. मोटर लावून दाखवली, पाइपातून जाड धार पडली आणि आम्ही समाधानानं घरी आलो.

बाबांना घर दाखवायला नेलं ते इसार झाल्यावर. त्यांनी धार पाहिली, मग आजूबाजूला पाहिलं. "बगीचा होता म्हणता, तर त्याची विहीर कुठाय?" कोणालाच सांगता येईना. मग म्हणाले, "आणि हे पाणी मे महिन्यात पाहिलं का कोणी?" वरुडकडे संत्र्यापायी एकेका शेतात चार-चार बोअर झाले, तरी बगीचे वाळताना त्यांनी पाहिले होते. मला तेव्हा त्यांचा प्रश्न म्हाताऱ्या माणसाची काळजी वाटला. ते ऐकून मी तिथेच थांबायला हवं होतं.

त्या एप्रिलनंतर आम्ही जे केलं ते बहुतेक सगळे करतात. शेजारच्यांनी पाणाड्याचं नाव सांगितलं. तो हातावर नारळ घेऊन अंगणात फिरला, एका कोपऱ्यात नारळ उभा राहिला, तिथे चुन्याची फुली मारली. आठ दिवसांनी रात्री दहाला तमिळनाडू पासिंगची बोअरची गाडी आली. पहिल्या सहा-सात फुटांपर्यंत काळी माती निघाली, मग पिवळा मुरूम, मग राखेच्या रंगाचा भुगा. गाडीवरचा पोरगा दर दहा फुटांना मूठभर भुगा भिंतीशी मांडत होता, एका ओळीत. ३० फुटांच्या ढिगाला हात लावला तर ओल लागली. ४० चा ढीग कोरडा. १०० चा कोरडा. १४० ला भुग्याची चिखलासारखी लगदी आली, सगळे पुढे सरसावले, आणि १५० ला पुन्हा पीठ उडायला लागलं. शेजारचे काकाजी म्हणाले, "बाई, थांबा आता. नुसता फुफाटा येऊन राहिला." आम्ही थांबलो नाही. एवढा खर्च केला, अजून पन्नास फूट, अजून पन्नास फूट. पहाटे अडीचला ३२० वर गाडी थांबवली. तुळशीवर, गाड्यांवर, काकाजींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर करडी पूड बसली होती. पाणी नव्हतं. ६८ हजार रुपये दिले.

पुढे कळलं की राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली गेलेल्या विहिरीला 'खोल विहीर' धरतात आणि बोअरची गाडी चालवणाऱ्याची नोंदणी लागते. २००९ चा हा कायदा २०१४ मध्ये लागू झाला. आम्ही काही विचारलं नाही, आणि त्या रात्री अंगणात जमलेल्यांपैकीही कोणाच्या तोंडून ह्या कायद्याचं नाव निघालं नाही.

मग टँकर. पाच हजार लिटरचा, सातशे रुपये. घरात वर-खाली मिळून आठ माणसं, तर तो पाच दिवस पुरायचा, तेही जपून वापरलं तर. त्याच जुलैत शहरातही महापालिकेनं एक दिवसाआड पाणी दिलं, कारण पेंचच्या तोतलाडोह धरणात पाणीच उरलं नव्हतं. नंदनवनला आमच्या घरी नळ कोरडा, हिंगणा रोडला बोअर कोरडा. टँकरवाला फोन उचलेनासा झाला. नर्स जूनमध्ये सोडून गेली. जाताना म्हणाली, "ताई, घर चांगलं आहे हो. पण मला ड्युटीवरून आल्यावर बादलीची वाट पाहणं जमत नाही." वरचा मजला चार महिने रिकामा राहिला.

त्या वर्षाचा हिशेब मी वहीत मांडला, तो अजून आहे. दोन्ही मजल्यांचा पूर्ण वर्षाचा किराया २ लाख ४ हजार, म्हणजे ४८ लाखांवर सव्वाचार टक्के. त्यातून कोरडा बोअर ६८ हजार, वीस टँकर १४ हजार, रिकामा मजला ३६ हजार. उरले ८६ हजार. पावणेदोन टक्के. घरपट्टी, रंगरंगोटी आणि कर्जाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. जागेचा भाव वाढतोय, भाव वाढतोय असं सगळे म्हणत होते, पण ज्या घरात मेमध्ये माणूस राहू शकत नाही त्याचा वाढलेला भाव कोण देणार?

जुलै कोरडा गेला, ऑगस्टात पाऊस लागला, आणि तेच घर वेगळ्या अडचणीत आलं. बोअरचं पाणी वर आलं, इतकं की केसिंगमध्ये टॉर्च मारला तर चार-पाच फुटांवर चकाकताना दिसायचं. खालच्या मजल्याच्या भिंतींना गुडघ्याइतकी ओल चढली, पोपडे निघाले. संडास तुंबायला लागला. तिथे गडर लाइन नव्हती, प्रत्येकाचा सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. जमीनच पाण्यानं टम्म, तर शोषखड्डा शोषणार कुठे? शेजारच्यांचा खड्डा आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून होता. एक दिवस तो वरून वाहिला आणि दुसऱ्या दिवशी बोअरच्या पाण्याला वास आला.

खालच्या मजल्यावर एमआयडीसीत काम करणारा मुलगा, त्याची बायको आणि चार महिन्यांची मुलगी राहत होते. बाळ बाटलीच्या दुधावर होतं, पावडरच्या. वास आला म्हणून मी पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत दिला. त्याआधी कधीच दिला नव्हता, विकत घेतानाही नाही. अहवालात पाण्याचा कठीणपणा लिटरमागे ६४० मिलिग्रॅम होता. पिण्याच्या पाण्यात तो फार तर ६०० चालतो. त्याचं मला नवल वाटलं नाही, त्या भागात भांड्यांवर पांढरे डाग सगळ्यांकडे. त्याच्याखाली नायट्रेट होतं, सांडपाणी मुरलं की पाण्यात उतरतं ते: ९२. मर्यादा ४५, आणि ही मर्यादा अशी की पर्यायी पाणी नसलं तरी ती शिथिल होत नाही. तिथल्या बाईंनी कागद माझ्याकडे सरकवत विचारलं, "घरात तान्हं बाळ आहे का?"

नायट्रेटचं पाणी तान्ह्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं, बाळ निळं पडू शकतं. मी तिथून थेट हिंगणा रोडला गेले. बाळाच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पण मी तर रोज वीस-वीस मिनिटं उकळत होते, ताई." हे तिला सांगताना माझा आवाज फुटेना. उकळल्यानं जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटलं की उरलेल्यात ते जास्त होतं. बाळ ठणठणीत होतं, तरी मी बाळाला लगेच डॉक्टरांकडे नेलं. त्या दिवसापासून त्या घरात प्यायला वीस लिटरचे कॅन सुरू केले, पैसे आमचे, आणि पुढे दोन्ही मजल्यांवर आरओ बसवला. बोअरच्या नळावर लाल पाटी लावली: 'पिण्यासाठी नाही'.

प्रयोगशाळेतल्याच बाईंनी एका निवृत्त भूवैज्ञानिकांचा पत्ता दिला. ते आले, आमचा बोअर पाहिला, कोरडा बोअर पाहिला, भिंतीशी अजून पडलेले भुग्याचे ढीग पाहिले. मग त्यांनी बाबांचाच प्रश्न विचारला: "बगीच्याची विहीर कुठे आहे?"

विहीर सापडली. लेआउटच्या कोपऱ्यात मोकळी जागा सोडलेली होती, तिथे झुडपांमागे. अर्धी बुजलेली. आत घराघरांतला मलबा, निर्माल्य, फुटकी सिंटेक्सची टाकी. दगडी बांधणी मात्र शाबूत. आम्ही अकरा घरांनी वर्गणी काढली. बाकीच्यांना पटवायला काकाजी दारोदार फिरले. ते नसते तर माझ्यासारख्या तिथे न राहणाऱ्या मालकिणीचं कोणी ऐकलं नसतं. २०२० च्या फेब्रुवारीत क्रेन लावून गाळ काढला. ४२ फूट.

गाळ निघाल्यावर भूवैज्ञानिकांनी आम्हाला काठावर उभं केलं आणि टॉर्च टाकला. जिथे बांधणी संपली होती तिथून खाली भिंतीत सगळं दिसत होतं. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे पांढरे खडे असलेला पिवळा मुरूम, मग भेगाळलेला, कुजका, कांद्यासारखा पापुद्रे सुटलेला खडक, आणि त्या भेगांतून पाणी पाझरत होतं. बारीक, पण सतत. ३६-३७ फुटांवर तो थर संपला आणि खाली काळाकभिन्न, एकसंध पाषाण लागला. त्यात एक भेग दिसेना. "तुमच्या सगळ्या लेआउटचं पाणी ह्या मधल्या पट्ट्यात," ते म्हणाले. "वीस-पंचवीस फुटांची ही पट्टी. बगीचेवाल्याची एक विहीर होती तेव्हा पुरत होतं. आता साठ घरं, साठ बोअर, सगळे त्याच पट्टीतून ओढतात. खाली ३०० फूट गेलात तर तो दगड आहे, पाणी नाही."

नागपूरचा पश्चिम भाग लाव्हाच्या खडकावर, बेसाल्टवर बसलेला. सीताबर्डीची टेकडीही त्याचीच. पूर्वेकडे गेलात की त्याहून फार जुना स्फटिकी खडक लागतो. तिथलं गणित वेगळं, पण खडक कठीणच. कुठेतरी बेसाल्टच्या दोन थरांमध्ये खोलवर चांगलं पाणी लागतंही, म्हणून पूर्ण नशीब नाही आणि पूर्ण विज्ञानही नाही असं लोकांना वाटतं. पण खोल गेलं की पाणी लागतंच, हे खोटं. आणि ऑगस्टातली ओलही ह्याच रचनेतून येते. वरची काळी माती पाऊस पडला की फुगते, तिच्या भेगा बंद होतात, मग पाणी सावकाश मुरतं. खालचा पाषाण ते पुढे जाऊ देत नाही. मधली पट्टी भरली की पाणी वर चढतं, शोषखड्ड्यात, पायव्यात, भिंतीत. उन्हाळ्यात तीच माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पायवा कमजोर असेल तर भिंतीही तडकतात. मेमधली हवा आणि ऑगस्टातली ओल मी दोन वेगवेगळी संकटं समजत होते. विहिरीच्या काठावर उभं राहिल्यावर ते एकच निघालं.

शोषखड्ड्याचं गणित मी घरी येऊन कागदावर मांडलं. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत पन्नास-साठ फूट तरी अंतर असावं म्हणतात. प्लॉट तीस बाय पन्नास. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तरी ५८ फूट भरतात, आणि चारी बाजूंना शेजाऱ्यांचे खड्डे. म्हणजे ज्या लेआउटमध्ये गडर लाइन नाही आणि प्रत्येकाचा आपापला बोअर आहे, तिथे एकट्यानं कितीही काळजी घेतली तरी पाणी शुद्ध राहणं अवघड. ही गोष्ट लेआउटचा नकाशा पाहूनच कळते, घर पाहायचीही गरज नाही. कोणी दाखवली नाही, आणि मीही नकाशात फक्त रस्त्याची रुंदी पाहिली होती.

छतावरचं पाणी विहिरीत सोडायचं ठरलं. नागपूरला वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. आमचं छत हजार फुटांचं, म्हणजे ९३ चौरस मीटर. एका पावसाळ्यात ९३ हजार लिटर. उडून जाणारं, पहिल्या पावसाचं सोडून द्यावं लागणारं वजा केलं तर पाऊण लाख. माणशी १३५ लिटरनं आठ माणसांना साधारण सत्तर दिवसांचं पाणी, जे आम्ही पाइपानं रस्त्यावर सोडत होतो. ते परत आपल्याच बोअरला येईल असं नाही, जमिनीतलं पाणी कंपाउंड ओळखत नाही. म्हणूनच अकरा घरांचं एकत्र केलं. विहिरीआधी गाळणीचा हौद केला: खाली गोटे, मग गिट्टी, मग कोळसा, वर रेती. छत धुऊन गेलेला पहिला पाऊस बाहेर काढायला वेगळा व्हॉल्व्ह. तो व्हॉल्व्ह फिरवायचं काम काकाजींकडे, आणि ते ते एखाद्या व्रतासारखं करतात. शेजारच्यांचा शोषखड्डा मात्र हलायला दीड वर्ष लागलं. खर्च अर्धा-अर्धा केला तेव्हा हलला. कोरड्या बोअरला जाड लोखंडी झाकण वेल्ड करून घेतलं, उघडा बोअर ठेवणं म्हणजे लहान मुलांच्या जिवाशी खेळ आहे.

२०२१ च्या मेमध्ये आमची मोटर रोज चाळीस मिनिटं चालली. त्या उन्हाळ्यात तीन टँकर आणले. त्यापुढच्या उन्हाळ्यात एकही नाही.

२०२४ मध्ये दुसरी जागा पाहायला लागलो तेव्हा बाबा पहिल्या दिवसापासून सोबत होते. अंबाझरीच्या खालच्या अंगाला, नाग नदीजवळ एक तळमजल्याचा फ्लॅट बाजारभावापेक्षा बराच स्वस्त मिळत होता. नवा रंग, नव्या टाइल्स. बाबांनी भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला, जिथे रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता, छातीइतक्या उंचीवर एक मातकट सरळ रेघ होती. २३ सप्टेंबर २०२३ ची. त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपेतल्या लोकांच्या घरात पाणी शिरलं. फ्लॅट दाखवणारा माणूस त्या रेघेबद्दल एक शब्द बोलला नाही. नदीकाठी जागा घेताना पूररेषेचा नकाशा मागता येतो: निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आम्ही तो पाहायला गेलोच नाही, कपाट पुरेसं होतं.

वर्धा रोडच्या एका इमारतीत मे महिन्यात दुपारी दोनला गेलो. मुद्दाम तीच वेळ. गेटवर टँकर उभा होता. बेसमेंटमध्ये पार्किंगच्या कोपऱ्यात खड्डा, त्यात पंप, आणि पंपाचा पाइप बाहेर नालीत. चौकीदाराला विचारलं तर म्हणाला, "पावसाळ्यात रात्रंदिवस चालते जी मोटर, नाहीतर गाड्या पोहतात." म्हणजे ऑगस्टात जमिनीतलं पाणी उपसून नालीत, आणि मेमध्ये पैसे देऊन टँकर. सचिवांकडे तीन वर्षांची टँकरची बिलं मागितली. त्यांनी एका वर्षाची दाखवली. मी घरी येऊन ती फ्लॅटच्या संख्येनं भागली आणि विचार सोडला. पाचशे चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटवर बांधताना पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय नियमानं करावीच लागते. तीही तिथे होती, छतावरून आलेला एक पाइप जमिनीत गेला होता. खाली काय आहे ते चौकीदाराला माहीत नव्हतं, सचिवांनाही नाही.

शेवटी आम्ही शहरातच, जुन्या वस्तीत दुसऱ्या मजल्यावरचा लहान फ्लॅट घेतला. नळाचं बिल मालकाच्या नावावर, इमारतीला जुनी विहीर, आणि त्या विहिरीत मेच्या अखेरीस पाणी. बाबांनी दोरीला दगड बांधून ते मोजलं. ऐंशी वर्षांच्या माणसाला वाकून विहिरीत दोरी सोडताना पाहून मालक हसले. आम्ही नाही हसलो.

हिंगणा रोडच्या गल्लीत आता नळाची लाइनही आली आहे, एक दिवसाआड का होईना. त्या घरची वही मी पुढे चालू ठेवली. दर मे आणि ऑक्टोबरला विहिरीची पातळी आणि पाण्याचा अहवाल. नायट्रेट ९२ चं ७१ झालं, मग ५८. गेल्या ऑक्टोबरच्या नमुन्यात ४९ आलं. खाली राहणाऱ्या आजींनी विचारलं, आता चालेल का प्यायला? मी नाही म्हटलं. बोअरच्या नळावरची लाल पाटी अजून तशीच आहे.